अजिंठ्याच्या भिंतीवरील पर्वत : भाव आणि अर्थ

१. प्रश्नाचे स्वरूप

पर्वताचे चित्र पाहताना मनात जो भाव जागृत होतो तो चित्रात असतो, की पाहणारा तो आपल्याबरोबर घेऊन येतो, हा प्रश्न वरवर पाहता सौंदर्यशास्त्राचा वाटतो. जुन्या चित्रांच्या बाबतीत मात्र तो तितकाच इतिहासाचाही असतो. चित्रकार, त्याचा आश्रयदाता आणि ज्यांच्यासाठी चित्र काढले गेले ते प्रेक्षक, हे तिघेही काळाआड गेलेले असतात. मागे उरते ती भिंत आणि तिच्यापुढे उभा असलेला आजचा प्रेक्षक. या प्रेक्षकाची दृष्टी त्याच्या काळाने घडवलेली असते. मराठी वाचकापुरते बोलायचे तर केशवसुत-बालकवींच्या काळापासून निसर्ग हा कविमनाचा आरसा आहे असे मानून वाचण्याची सवय आपल्याला लागली आहे. डोंगर म्हटला की एकांत, भव्यता, उदात्तता किंवा उदासी यांपैकी काहीतरी आपण गृहीत धरतो. हे गृहीत प्राचीन चित्रांना कितपत लागू पडते, याचा विचार फारसा होत नाही.

प्रस्तुत लेखात अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातील, पद्मपाणी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रामागील पर्वताचा विचार केला आहे. रूढ अर्थाने हे निसर्गचित्र नव्हे, कारण त्याचा विषय बोधिसत्त्व हा आहे. असे असले तरी चित्रातील बोधिसत्त्वाभोवतीची बहुतेक जागा पर्वताने व्यापलेली आहे, आणि ती केवळ रिकामी जागा भरण्यासाठी रंगवली असेल असे तिच्या तपशिलांकडे पाहता वाटत नाही. तरीही या चित्राच्या ज्या प्रतिमा पाठ्यपुस्तकांतून, दिनदर्शिकांतून आणि ग्रंथांच्या मुखपृष्ठांवरून घरोघरी पोहोचल्या, त्यांत बहुधा बोधिसत्त्वाचा चेहरा आणि कमळ धरलेला हात एवढेच असते. पर्वत कापून टाकलेला असतो. पर्वतावाचून त्या चेहऱ्यावरील भावाचा जो अर्थ लावला जातो आणि पर्वतासह जो लावावा लागतो, ते दोन्ही एकच आहेत काय, हा या लेखाचा मुख्य प्रश्न होय.

२. चित्राची मांडणी

पहिल्या लेण्याच्या मंडपाच्या मागील भिंतीवर, गर्भगृहाकडे नेणाऱ्या अंतराळाच्या दोन्ही बाजूंना दोन भव्य बोधिसत्त्व चित्रित केले आहेत. त्यांपैकी पाहणाऱ्याच्या डावीकडील तो पद्मपाणी. मस्तकी रत्नजडित मुकुट, उजव्या हातात नीलकमल, देहाला त्रिभंगाचा हलका बाक आणि खाली झुकलेली दृष्टी ही त्याची लक्षणे सर्वपरिचित आहेत. त्याच्या शेजारी एक सावळी, अलंकृत स्त्री आहे. भोवतालच्या इतर आकृती त्याच्या मानाने लहान आहेत. आकाराचा हा फरक अंतर दाखवण्यासाठी नसून महत्त्व दाखवण्यासाठी आहे.

या सर्वांच्या मागे आणि वर पर्वत आहे. त्याचे खडक म्हणजे कडा स्पष्ट असलेले, एकावर एक रचल्यासारखे ठोकळे आहेत. प्रत्येक ठोकळ्याची एक बाजू उजळ आणि दुसरी गडद असून तांबूस, तपकिरी आणि हिरवट रंगांच्या छटा आलटून पालटून येतात. या खडकांमधून झाडे वर आली आहेत. त्यांच्या आधाराने माकडे आणि मोर आहेत, वाद्य वाजवणारे किन्नर आहेत, एकमेकांत रमलेली युगुले आहेत. क्षितिज दाखवलेले नाही. दूरवर विरत जाणारी डोंगरांची रांग नाही, धुके नाही. हा पर्वत ओसाड नाही आणि निर्जन तर मुळीच नाही.

येथेच पहिली गोष्ट लक्षात घ्यावी लागते. पर्वतावरील या सजीवांपैकी जवळजवळ कोणीही शोकमग्न नाही. माकडे आपल्या चाळ्यांत आहेत, किन्नर गायनवादनात आहेत, युगुले आपल्या सुखात आहेत. बोधिसत्त्वाच्या मुखावरील भाव पर्वताने प्रतिबिंबित केलेला नाही. पर्वतावरचे जीवन आणि त्याच्यापुढे उभा असलेला पुरुष यांच्या भावस्थिती भिन्न आहेत, आणि चित्राचा अर्थ या भिन्नतेत शोधावा लागतो.

३. पर्वताचे द्रव्य

अर्थाकडे वळण्यापूर्वी चित्र कशाने घडले आहे हे पाहणे इष्ट ठरेल. वाघूर नदीच्या घोड्याच्या नालासारख्या वळणावर, सुमारे ७५ मीटर उंचीच्या कड्यात ही लेणी खोदलेली आहेत. हा खडक दख्खनच्या पठाराचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट होय. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या उद्रेकांत लाव्हाचे थर एकावर एक साचून तो तयार झाला. अशा खडकाला थरांच्या आडव्या रेषा असतात, तडे उभे जातात आणि त्यामुळे कड्याचे तुकडे ठोकळ्यांच्या आकारात सुटतात. अजिंठ्याच्या चित्रकारांनी रंगवलेले ठोकळे हा एक संकेत आहे यात शंका नाही. परंतु हा संकेत वापरणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर रोज उभा असलेला कडाही तशाच रचनेचा होता, हे विसरून चालणार नाही.

खोदलेल्या खडबडीत भिंतीवर माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा देऊन त्यावर चुन्याचा पातळ थर दिलेला आहे आणि तो वाळल्यावर चित्र रंगवलेले आहे. रंगांमध्ये तांबडी आणि पिवळी काव, हिरवी माती, चुना व पांढरी माती आणि काजळी हे प्रमुख आहेत. यांतील हिरवी माती बेसाल्टच्या पोकळ्यांत आढळणाऱ्या खनिजापासून मिळते. निळा रंग मात्र राजावर्ताचा, म्हणजे लॅपिस लाझुलीचा असून तो अफगाणिस्तानातील बदख्शानसारख्या दूरच्या प्रदेशातून आणलेला होता. पर्वत ज्या रंगांनी रंगला ते रंग बव्हंशी या भूमीच्याच खनिजांतून आले, असा याचा अर्थ होतो.

तांबड्या कावेचा रंग हेमॅटाइटमुळे, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो. दल्ली-राजहरा येथील डोंगरांतून भिलाईच्या झोतभट्ट्यांकडे जाणारे धातुक हे याच जातीचे खनिज आहे. शिवनाथ नदीच्या सपाट प्रदेशात वसलेल्या दुर्ग, भिलाई, जामुल या परिसरातील रहिवाशाला डोंगर क्षितिजावर क्वचितच भेटतो. त्याला तो भेटतो लोहखनिजाच्या आणि सिमेंटसाठी लागणाऱ्या चुनखडकाच्या रूपाने. पर्वताला त्याच्या धातूंवरून ओळखण्याची ही रीत केवळ आधुनिक उद्योगाची आहे असे समजण्याचे कारण नाही. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्र या प्रकरणात पर्वत कसा दाखवावा याचा निर्देश आहे. शिलांचे समूह, शिखरे, धातू, वृक्ष, निर्झर आणि सर्प यांच्या योगे तो दाखवावा, असे तेथे सांगितले आहे. धातू हे पर्वताचे लक्षण होते आणि अजिंठ्यात पर्वताचे चित्र प्रत्यक्ष त्या धातूंनीच काढले गेले.

४. काळाने चढवलेला रंग

चित्राच्या भावाविषयी बोलताना त्याच्या रंगसंगतीचा उल्लेख अपरिहार्यपणे येतो. अजिंठ्याच्या चित्रांतील सोनेरी-तपकिरी, सायंकालीन वाटणाऱ्या प्रकाशाचे वर्णन अनेकांनी भावभरल्या शब्दांत केले आहे. हा प्रकाश पाचव्या शतकातील चित्रकाराने योजलेला आहे, असे मानण्यापूर्वी या भिंतींचा अलीकडचा इतिहास पाहणे आवश्यक आहे.

२८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याने शिकारीच्या निमित्ताने ही लेणी पाहिली आणि दहाव्या लेण्यातील एका स्तंभावर आपले नाव कोरून ठेवले. १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल यांनी चित्रांच्या मोठ्या प्रतिकृती तयार केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. त्यानंतर मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी पेस्तनजी बोमनजी आदी विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा प्रतिकृती करवून घेतल्या. त्यांपैकीही अनेक १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत सापडल्या. ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त, व्यंकटप्पा हे तरुण चित्रकार अजिंठ्यास आले. औंधचे अधिपती आणि स्वतः चित्रकार असलेले बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा अजिंठ्यावरील सचित्र ग्रंथ १९३२ मध्ये निघाला, तर निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांचे चार भाग १९३० ते १९५५ या काळात प्रकाशित झाले.

या साऱ्या खटाटोपात चित्रांवर थरही चढत गेले. ग्रिफिथ्स यांच्या काळात प्रतिकृती करण्यासाठी चित्रे उजळ दिसावीत म्हणून त्यांवर वार्निश लावले गेले. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने बोलावलेल्या चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनी सुटू लागलेला गिलावा पक्का केला, ही त्यांची कामगिरी मोठीच आहे. परंतु संरक्षणासाठी त्यांनी दिलेला लाखेचा थर कालांतराने पिवळसर-तपकिरी झाला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या रसायनतज्ज्ञांना पुढे अनेक दशके हे थर काळजीपूर्वक उतरवण्याचे काम करावे लागले. ते थर निघाले तेथे खालचे हिरवे आणि निळे रंग अधिक स्वच्छ दिसू लागले.

याचा निष्कर्ष स्पष्ट आहे. अजिंठ्याच्या पर्वतावर पसरलेली जी कातरवेळ रसिकांना हृद्य वाटली, तिचा काही भाग एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांतील वार्निशाचा आहे. भावाचा अर्थ केवळ रंगच्छटेवर उभा करणे म्हणूनच धोक्याचे ठरते. रेषा, मांडणी, आकृतींची परस्परस्थिती आणि दृष्टीची दिशा या गोष्टी वार्निशाने बदलत नाहीत. अर्थनिर्णयाचा मुख्य आधार त्यांच्यावरच ठेवला पाहिजे.

५. पुढे येणारा पर्वत

पाश्चात्त्य निसर्गचित्राच्या सवयीने अजिंठ्याकडे पाहणाऱ्यांना तेथील खडक प्रथमदर्शनी बालिश किंवा केवळ आलंकारिक वाटले तर नवल नाही. त्यांत यथादर्शन नाही, एक निश्चित दृष्टिबिंदू नाही. स्टेला क्रामरिश यांनी दख्खनच्या चित्रकलेवरील आपल्या १९३७ च्या ग्रंथात या प्रश्नाला वेगळे वळण दिले. अजिंठ्याच्या चित्रातील आकार खोलीकडे मागे सरत नाहीत, ते भिंतीच्या अंतर्भागातून पाहणाऱ्याच्या दिशेने पुढे येतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ठोकळ्यांच्या उजळ बाजू आणि गडद कडा या पुढे येण्याची खूण ठरतात. जे लेणे स्वतःच डोंगर पोखरून काढलेले आहे, त्याच्या भिंतीतून डोंगर पुन्हा बाहेर येताना दिसावा, ही कल्पना स्थळाशी सुसंगत आहे.

तुलनेसाठी जर्मन चित्रकार कास्पार डेव्हिड फ्रीडरिश यांचे धुक्याच्या सागरापुढे उभ्या असलेल्या प्रवाशाचे प्रसिद्ध चित्र घेता येईल. ते सुमारे १८१८ चे आहे, म्हणजे जॉन स्मिथ अजिंठ्यास पोहोचण्याच्या सुमारे एक वर्ष आधीचे. त्या चित्रातील पुरुष प्रेक्षकाकडे पाठ करून एका कड्यावर उभा आहे आणि समोर धुक्यात बुडालेली शिखरे पसरली आहेत. तो एकटा आहे. पर्वत त्याच्या दृष्टीचा विषय आहे आणि प्रेक्षकाने त्याच्या जागी उभे राहून तीच भव्यता अनुभवावी अशी चित्राची योजना आहे. अजिंठ्यात ही योजना नेमकी उलट आहे. बोधिसत्त्वाची पाठ पर्वताकडे आहे आणि तोंड आपल्याकडे. पर्वत तो पाहत नाही. त्याची दृष्टी खाली, गर्भगृहाकडे निघालेला माणूस जेथे उभा राहील त्या दिशेला झुकलेली आहे. पर्वत पाहण्याचे काम प्रेक्षकाकडे आहे आणि प्रेक्षकाकडे पाहण्याचे काम बोधिसत्त्वाकडे.

चित्रसूत्रात चित्राचेही नऊ रस सांगितले आहेत, आणि यशोधराने कामसूत्रावरील टीकेत दिलेल्या चित्राच्या सहा अंगांमध्ये भाव हे एक अंग आहे. चित्रात भाव असतो आणि तो योजनापूर्वक आणला जातो, याविषयी प्राचीनांना संदेह नव्हता. नंतरच्या साहित्यशास्त्राची परिभाषा वापरायची तर वन, पर्वत, चंद्रोदय हे उद्दीपन विभाव होत. म्हणजे ज्याच्या ठिकाणी भाव आहे त्याच्या भावाला ते प्रज्वलित करतात. ही परिभाषा येथे सावधपणेच वापरली पाहिजे, कारण पर्वतावरील मोर, किन्नर आणि युगुले ही काव्यपरंपरेत शृंगाराची उद्दीपने आहेत, आणि त्यांच्यामध्ये उभा असलेला पुरुष शृंगारापासून विमुख आहे. शृंगाराची सर्व सामग्री मांडून तिच्या मध्यभागी करुणा स्थापन करणे, अशी ही रचना दिसते. जगाचे सुख नाकारलेले नाही, त्याला कुरूपही केलेले नाही. ते त्याच्या संपूर्ण मोहकतेसह मागे उभे आहे आणि बोधिसत्त्व त्याच्यापुढे आला आहे.

६. वाकाटककालीन काव्यातील पर्वत

अजिंठ्याच्या दुसऱ्या कालखंडातील लेणी वाकाटकांच्या वत्सगुल्म, म्हणजे वाशीम शाखेच्या हरिषेण राजाच्या काळातील आहेत. वॉल्टर स्पिंक यांनी हा सर्व उपक्रम सुमारे ४६० ते ४८० या अल्पावधीत बसवला आणि पहिले लेणे खुद्द हरिषेणाचे मानले. सर्व अभ्यासकांना ही कालगणना मान्य नसली तरी पाचव्या शतकाचा उत्तरार्ध हा मुख्य काळ असल्याविषयी बऱ्यापैकी एकमत आहे. या काळातील वाकाटक प्रदेश हा काव्याचाही प्रदेश होता, आणि चित्रातील पर्वत समजून घेण्यासाठी त्या काव्यातील पर्वताकडे पाहणे उपयुक्त ठरते.

वाकाटकांच्या नंदिवर्धन शाखेतील द्वितीय प्रवरसेन याचे सेतुबंध हे काव्य महाराष्ट्री प्राकृतात आहे. मराठीच्या पूर्वरूपाच्या अभ्यासात त्याचे स्थान महत्त्वाचे आहे. या काव्याचा मोठा भाग पर्वतांनी भरलेला आहे. समुद्रावर सेतू बांधण्यासाठी वानर पर्वत उपटतात, वाहून आणतात आणि सागरात टाकतात. उपटलेल्या पर्वतांबरोबर त्यांच्यावरील वृक्ष, झरे, सर्प, हत्ती आणि गुहांमध्ये राहणारी युगुलेही विस्कळीत होतात. पर्वत म्हणजे एक वसलेले जग आहे, तो हलला की सारे जग हलते, ही त्या वर्णनांमागील धारणा आहे. कालिदासाच्या मेघदूतातील रामगिरी हाही वसलेलाच पर्वत आहे. तो नागपूरजवळचे रामटेक होय, हे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हिरिरीने मांडले, तर सरगुजा जिल्ह्यातील रामगढचा पक्षही काही अभ्यासकांनी घेतला. त्या रामगढावरच जोगीमारा ही गुहा आहे. तेथील प्राचीन भित्तिचित्रे १९१४ मध्ये असितकुमार हालदार आणि समरेंद्रनाथ गुप्त यांनी, म्हणजे अजिंठ्याचा अनुभव घेतलेल्या दोघा चित्रकारांनी, अभ्यासली होती.

सेतुबंध आणि पद्मपाणीचे चित्र यांच्यात थेट कार्यकारणसंबंध सांगता येणार नाही. दोन्ही शाखा वेगळ्या आहेत आणि काळाचेही अंतर आहे. परंतु दोहोंच्या मागे पर्वताविषयीची एकच कल्पना दिसते. पर्वत म्हणजे एकांत नव्हे, ती वस्ती आहे. सेतुबंधात ही वस्ती उद्ध्वस्त होते. अजिंठ्यात ती अबाधित आहे आणि तिच्यापुढे तिच्या नश्वरतेचे भान असलेला पुरुष उभा आहे.

७. शिलालेखांची साक्ष

चित्राच्या भावाविषयीचे अनुमान तपासण्यासाठी सुदैवाने अजिंठ्यात लेखी पुरावाही आहे. सोळाव्या लेण्यातील लेख हरिषेणाचा सचिव वराहदेव याचा आहे. त्यात हरिषेणाच्या संदर्भात कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट आणि आंध्र या प्रदेशांची नावे येतात. यांतील कोसल म्हणजे दक्षिण कोसल, आजच्या छत्तीसगडचा मुख्य भाग. वाकाटकांचा या प्रदेशाशी संबंध केवळ प्रशस्तीपुरता नव्हता. तत्कालीन दुर्ग जिल्ह्यातील मोहल्ला येथे वाकाटकांचा पद्मपुराहून काढलेला एक अपुरा ताम्रपट मिळाला असून त्याचे संपादन मिराशी यांनीच केले आहे. ज्या सत्तेच्या आश्रयाने अजिंठ्याचे पर्वत रंगले तिच्या कक्षेत दुर्गचा परिसरही येत होता, ही गोष्ट या भागातील मराठी वाचकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

सतराव्या लेण्याचा लेख आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. हरिषेणाच्या आधिपत्याखालील एका स्थानिक राजघराण्यातील दोन भावांची हकीकत त्यात येते. धाकटा भाऊ रविसांब मृत्यू पावला. त्या शोकाने व्याकूळ झालेल्या थोरल्या भावाने सर्व काही अनित्य आहे हे ओळखून धर्मकार्याकडे मन वळवले आणि हे लेणे कोरवले, असा त्याचा आशय आहे. या लेण्यातील जातकचित्रांत प्रसंग आणि प्रसंग यांच्यामध्ये तेच ठोकळ्यांचे खडक येतात. अंध मातापित्यांची सेवा करणारा आणि राजाच्या बाणाने विद्ध होणारा श्याम, राज्यातून निर्वासित होऊन वंक पर्वताकडे जाणारा विश्वंतर, शिकाऱ्याला स्वतःचे सुळे देणारा षड्दंत हत्ती यांच्या कथा तेथे आहेत. या कथा वियोगाच्या आणि त्यागाच्या आहेत आणि त्या बव्हंशी पर्वत-अरण्यात घडतात. भाऊ गमावलेल्या माणसाने करवलेल्या लेण्यात या कथा असाव्यात, हा योगायोग मानणे कठीण आहे. अजिंठ्याच्या चित्रांतील करुण हा केवळ आधुनिक प्रेक्षकाचा आरोप नाही, असे म्हणण्यास येथे लेखी आधार मिळतो.

सव्विसाव्या लेण्यातील बुद्धभद्र या भिक्षूच्या लेखात पर्वताचा प्रत्यक्ष उल्लेख आहे. माणसाची स्मृती जगात जोवर टिकते तोवर तो स्वर्गसुख भोगतो, म्हणून चंद्रसूर्य असेपर्यंत टिकेल असे स्मारक पर्वतावर करावे, असा त्यातील विचार आहे. हा लेख अश्मकांच्या भव्विराज या मंत्र्याच्या स्मरणाशी निगडित आहे. पर्वत म्हणजे टिकणे, हा अर्थ लेणी खोदवणाऱ्यांच्या मनात होता, हे यावरून दिसते. लेणे पर्वतात खोदायचे ते या टिकाऊपणासाठी, आणि त्याच्या भिंतीवर रंगवायचे ते मातीच्या गिलाव्यावर, जो मुळातच नाशिवंत आहे. अजिंठ्याच्या चित्रांत हा विरोध प्रत्येक भिंतीवर आहे.

८. पोतलक की सामान्य पर्वत?

पद्मपाणीमागील पर्वताला विशिष्ट नाव देण्याचा प्रयत्नही झाला आहे. गंडव्यूह या महायान ग्रंथात सुधन हा साधक पोतलक पर्वतावर अवलोकितेश्वराला भेटतो. तेथे वृक्ष आणि झरे आहेत आणि बोधिसत्त्व वज्रशिलेवर बसलेला आहे. सातव्या शतकात भारतात आलेल्या युआन च्वांग या चिनी यात्रेकरूनेही दक्षिणेतील पोतलकाचे वर्णन नोंदवले आहे. चित्रातील पुरुष अवलोकितेश्वर असेल तर त्यामागील पर्वत पोतलक असणे शक्य आहे. मात्र चित्रातील बोधिसत्त्व बसलेला नसून उभा आहे, आणि असे किन्नर-मोर-माकडांचे खडक अजिंठ्यात इतरत्रही येतात. त्यामुळे पोतलक हा अर्थ संभाव्य मानावा, सिद्ध मानू नये.

नाव कोणतेही असो, चित्राच्या जागेचा विचार निर्णायक ठरतो. हे चित्र गर्भगृहाच्या दारापाशी आहे. आत धर्मचक्र-प्रवर्तनाच्या मुद्रेतील बुद्धमूर्ती आहे. स्पिंक यांच्या मते हरिषेणाच्या आकस्मिक मृत्यूमुळे तिची विधिवत प्रतिष्ठापना झालीच नाही. ते मत स्वीकारले वा न स्वीकारले तरी योजना स्पष्ट आहे. येणाऱ्या माणसाने जातककथांच्या भिंतींवरून, नगरांतून आणि राजवाड्यांतून, पर्वताच्या वस्तीपर्यंत यावे, तेथे बोधिसत्त्वाच्या दृष्टीखाली क्षणभर थांबावे आणि मग आत जावे. पर्वत हा या मार्गावरील जगाचा शेवटचा टप्पा आहे.

९. समारोप

वरील विवेचनावरून काही गोष्टी पुढे येतात. अजिंठ्याच्या या पर्वताचा भाव एकांताचा किंवा भव्यतेपुढील विस्मयाचा नाही. तो दृष्टिकोन आधुनिक निसर्गकाव्यातून आणि युरोपीय स्वच्छंदतावादी चित्रातून आपल्याकडे आला आणि नकळत मागच्या काळावर लादला गेला. चित्राच्या सोनेरी अंधुकतेत जाणवणाऱ्या उदासीचा काही अंश जुन्या वार्निशाकडे वळता करावा लागतो. एवढे वजा केल्यावरही भाव उरतो, आणि तो अधिक नेमका होऊन उरतो. पर्वतावर जगणे चालू आहे, सुख चालू आहे, आणि ते टिकणारे नाही हे जाणणारा एक पुरुष त्याच्यापुढे उभा राहून पाहणाऱ्याकडे करुणेने पाहत आहे. सतराव्या लेण्यातील शोकाची आणि सव्विसाव्या लेण्यातील स्मृतीची साक्ष या वाचनाला पुष्टी देते.

चित्राच्या भावाचा अर्थ लावताना पाहणाऱ्याचे मन पूर्णपणे बाजूला ठेवता येत नाही, आणि तसे ठेवण्याची गरजही नाही. परंतु ते मन कशाने घडले आहे हे ओळखणे, चित्राचे द्रव्य आणि त्यावर चढलेले थर तपासणे, समकालीन काव्य आणि लेख यांच्याशी ते ताडून पाहणे, आणि मुख्य म्हणजे चित्र संपूर्ण पाहणे, एवढ्या पायऱ्या अभ्यासकाला गाळता येत नाहीत. चेहरा कापून घेतला तर उरते ती एका देखण्या पुरुषाची खिन्नता. तिच्यामागे माकडे, मोर आणि युगुलांचा पर्वत उभा केला की तिला कारण मिळते. गिलावा दर पिढीगणिक थोडा थोडा गळत आहे आणि त्यात प्रथम जातात त्या कडेच्या, दुर्लक्षित आकृती. मुखाइतकीच पर्वताचीही नोंद, छायाचित्रण आणि अभ्यास होणे म्हणूनच निकडीचे आहे.